७०० रुपयांची बाकी आणि सिबिलमधले २६ दिवस

प्रश्न : मी सिंहगड रस्त्यावर भाड्याच्या घरात राहते. दोन वर्षांपूर्वी धाकट्या भावासाठी दुचाकीचे कर्ज एका खासगी वित्त कंपनीतून माझ्या नावावर घेतले. हप्ता ३,९०० रुपये असून तो दर महिन्याच्या ५ तारखेला कापला जातो. जुलैअखेर मी नोकरी बदलली, पगाराचे खाते बदलले आणि पगार १ तारखेऐवजी ७ तारखेला होऊ लागला. जुन्या खात्यात पैसे नसल्यामुळे ऑगस्ट आणि सप्टेंबरचे हप्ते परत गेले. ऑगस्टचा हप्ता आम्ही बाउन्स चार्जसह २२ ऑगस्टला भरला, तर सप्टेंबरचा हप्ता भावाने ९ ऑक्टोबरला यूपीआयने भरला. ऑक्टोबरचा हप्ता नव्या खात्यातून ५ तारखेलाच गेला. सप्टेंबरात क्रेडिट कार्डाचे बिल चार दिवस उशिरा भरल्यामुळे ६०० रुपये लेट फी लागली, आणि दिवाळीच्या खरेदीनंतर आलेल्या २३,४०० रुपयांच्या बिलापैकी मी फक्त किमान रक्कम, म्हणजे १,१७० रुपये भरले. आता धायरीत घर घेण्यासाठी गृहकर्जाचा अर्ज केला, तर बँकेने सांगितले की माझा सिबिल स्कोअर ७७१ वरून ६९४ वर आला आहे आणि त्याबद्दल लेखी खुलासा हवा. अहवालात दुचाकीच्या कर्जापुढे ऑगस्टला ०००, सप्टेंबरला ०२५ आणि ऑक्टोबरला ०२६ असे आकडे आहेत. ऑक्टोबरचा हप्ता वेळेवर जाऊनही ०२६ कसे? एक एजंट १२,००० रुपयांत या नोंदी काढून देतो म्हणतो. त्याला पैसे द्यावेत का? कार्ड बंद करावे का? आणि लेट फी परत मागता येते का?
– एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : आपण अहवालातले आकडे आणि पैसे भरल्याच्या तारखा नीट लिहून पाठवल्या, त्यामुळे नेमके उत्तर देता येते. एजंटाला पैसे देऊ नका, हे आधीच सांगते. त्याची कारणे पुढे येतीलच. त्याहून तातडीचा मुद्दा वेगळा आहे. आपण दिलेल्या आकड्यांवरून मला असे दिसते की दुचाकीचे कर्ज अजूनही थकलेलेच आहे आणि त्याचे दिवस आजही मोजले जात आहेत.

अहवालातील महिन्यांच्या चौकटींमध्ये जे तीन अंकी आकडे असतात, ते हप्ता किती दिवस थकला आहे ते दाखवतात. ००० म्हणजे वित्तसंस्थेने सिबिलसारख्या पतमाहिती कंपनीला (कर्जदारांच्या परतफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीला) नोंद पाठवण्याच्या दिवशी काहीही थकलेले नव्हते. थकलेली रक्कम ३,९०० रुपये आहे की ३९,००० रुपये, याचा त्या आकड्याशी संबंध नाही. तो आकडा फक्त दिवसांचा असतो. ऑगस्टचा हप्ता १७ दिवस उशिरा भरूनही आपल्याला ००० मिळाले, कारण ३१ ऑगस्टला खाते पूर्णपणे चुकते झालेले होते. सप्टेंबरच्या ३० तारखेला मात्र ५ सप्टेंबरचा हप्ता बाकी होता, म्हणून ०२५. इथपर्यंतचा हिशेब सरळ आहे आणि तो बरोबरही आहे.

ऑक्टोबरचे कोडे आपण पाठवलेल्या तारखांमधूनच सुटते. बहुतेक वित्त कंपन्या हाती आलेला पैसा सर्वांत जुन्या थकबाकीत आधी जमा करतात. त्यामुळे ५ ऑक्टोबरला आपल्या खात्यातून कापलेले ३,९०० रुपये ऑक्टोबरच्या नव्हे, तर सप्टेंबरच्या हप्त्यात गेले असणार. नंतर ९ ऑक्टोबरला भावाने भरलेल्या ३,९०० रुपयांतून सप्टेंबरचा बाउन्स चार्ज आणि दंडात्मक आकार वळते केले गेले असतील. ऑगस्टमध्ये आपण बाउन्स चार्ज सोबत भरला होता. सप्टेंबरच्या भरण्यात तो दिसत नाही. पाचशे रुपयांचा बाउन्स चार्ज १८ टक्के जीएसटी धरून ५९० रुपये होतो, आणि त्यावर दंडात्मक आकार शे-सव्वाशे रुपये धरला, तर साधारण ७०० रुपये होतात. तेवढे वजा झाल्यावर ऑक्टोबरच्या हप्त्यात ३,२०० रुपयेच जमा झाले आणि उरलेले ७०० रुपये ५ ऑक्टोबरपासून थकले. ५ ते ३१ ऑक्टोबर हे अंतर बरोबर २६ दिवसांचे आहे. याच हिशेबाने नोव्हेंबरच्या हप्त्यातले ७०० रुपये आधी ऑक्टोबरची तूट भरून काढतील, नोव्हेंबरचा हप्ता तेवढाच अपुरा पडेल आणि ३० नोव्हेंबरला चौकटीत ०२५ येईल. हप्ता दर महिन्याला वेळेवर कापला जात राहील आणि अहवालात दर महिन्याला पंचवीस-सव्वीस दिवसांचा उशीरही दिसत राहील. कोणी मुद्दाम थकवलेले नसताना माणूस थकबाकीदार ठरतो तो असा. आपल्यासारख्या पगारदार वाचकांच्या पत्रांत हा प्रकार मला वारंवार दिसतो आणि त्याची फार चीड येते, कारण वेळीच एक स्पष्ट फोन केला गेला असता, तर सात मिनिटांत संपला असता असा हा विषय आहे.

म्हणून आजच वित्त कंपनीकडे कर्जाचा संपूर्ण खातेउतारा लेखी मागा. ॲपवर दिसणारी ‘पुढील हप्ता’ एवढी एक ओळ पुरेशी नाही. कोणत्या तारखेला किती पैसे आले, ते कोणत्या हप्त्यात किंवा कोणत्या आकारात जमा केले आणि आज एकूण बाकी किती, हे ओळीओळीने दाखवणारा उतारा हवा. बाकी निघाली तर ती आकारांसह पूर्ण भरा, आणि खात्यावर आजच्या तारखेला कोणतीही थकबाकी नाही असे पत्र किंवा ईमेल त्यांच्याकडून घ्या. हे पत्र गृहकर्जाच्या फाइलमध्ये लागणारच आहे. उताऱ्यात ऑक्टोबरचा हप्ता ५ तारखेलाच पूर्ण जमा दाखवलेला असेल आणि बाजूला फक्त आकार बाकी असतील, तर मात्र ०२६ या नोंदीवर आक्षेप घ्यायला आपल्याकडे भक्कम जागा आहे.

दंडाच्या रकमेबद्दलही उतारा तपासून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार हप्ता चुकल्याबद्दलचा दंड व्याजदरात मिसळून ‘दंडव्याज’ म्हणून लावता येत नाही. तो वेगळा दंडात्मक आकार म्हणूनच लावावा लागतो आणि त्या आकारावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. नव्या कर्जांना हा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला आणि जुनी कर्जे त्याच वर्षी जूनअखेरपर्यंत त्याखाली आणायची होती. हप्त्याची आठवण करून देणाऱ्या संदेशातही हा आकार किती ते सांगणे कंपनीवर बंधनकारक आहे. उताऱ्यात दंडावर व्याज दिसले, तर ते परत मागणे हा आपला हक्क आहे. याशिवाय हप्ता परत गेल्याबद्दल आपल्या जुन्या बँकेनेही त्या खात्यावर स्वतःचा वेगळा आकार लावलेला असू शकतो. ते खाते आता वापरात नसले, तरी तिथली उणी शिल्लक एकदा पाहून घ्या.

पूर्वी वित्तसंस्था महिन्यातून एकदाच माहिती पाठवत असत. त्यामुळे महिनाअखेरच्या आत पैसे भरले की बहुधा निभावून जात असे. १ जानेवारी २०२५ पासून ही माहिती किमान दर पंधरवड्याला, म्हणजे १५ तारखेची आणि महिनाअखेरची स्थिती धरून, पतमाहिती कंपन्यांकडे पाठवणे बंधनकारक झाले आहे. आपला ऑगस्टचा उशीर महिनाअखेरच्या चौकटीत उमटला नाही. पण १५ ऑगस्टच्या नोंदीत तो दहा दिवसांचा होता, आणि त्या मधल्या काळात कुणी अहवाल काढला असता, तर त्याला तो दिसला असता. या बदलाची दुसरी बाजू आपल्या उपयोगाची आहे. बाकी भरल्यानंतरची शून्य दिवसांची नोंदही आता लवकर पोहोचते. पंधरवडा संपल्यावर सात दिवसांत वित्तसंस्थेने माहिती पाठवायची आणि ती मिळाल्यापासून पाच दिवसांत पतमाहिती कंपनीने ती नोंदवून घ्यायची, असा नियम आहे.

आता कार्डाकडे वळू. कार्डाचे दोन प्रसंग वेगळे आहेत आणि आपल्याला ज्याची अधिक रुखरुख लागली आहे, तो कमी नुकसानीचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या कार्डविषयक निर्देशांनुसार देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक काळ बिल बाकी राहिले, तरच लेट फी लावता येते आणि तरच खाते थकल्याचे पतमाहिती कंपनीला कळवता येते. आपण चौथ्या दिवशी भरले, त्यामुळे ही सवलत एका दिवसाने हुकली. आणि एकदा ती हुकली की दिवस देय तारखेपासूनच मोजले जातात, म्हणून उशीर एका दिवसाचा न धरता चार दिवसांचा धरला जातो. तरीही पंधरवड्याच्या नोंदीआधी आपण पैसे भरलेले असतील, तर स्कोअर घसरण्याचे कारण तो प्रसंग नसावा. लेट फी देय तारखेनंतर शिल्लक असलेल्या रकमेवरच लावायची असते, एकूण बिलावर नाही, एवढे तपासा. आपण काहीच भरलेले नव्हते, त्यामुळे ६०० रुपये नियमाबाहेरचे दिसत नाहीत. पहिलाच उशीर असेल, तर ग्राहक सेवेकडे ईमेलने विनंती करून पाहा. अशा विनंतीवरून बँका फी कधीकधी माफ करतात, पण तो त्यांच्या मर्जीचा भाग आहे, आपला हक्क नव्हे.

दिवाळीनंतर भरलेल्या किमान रकमेने मात्र आपले खरे नुकसान केले. किमान रक्कम भरली की लेट फी लागत नाही आणि चौकटीत ००० राहते, म्हणून ती सुरक्षित वाटते. पण संपूर्ण बिल भरले नाही की बिनव्याजी मुदत संपते, व्याज देय तारखेपासून न लागता खरेदीच्या दिवसापासून लागते, आणि पुढच्या महिन्यात कार्डावर घेतलेल्या किराण्यावरही पहिल्या दिवसापासून लागते. आपल्या उरलेल्या २२,२३० रुपयांवर महिना साडेतीन टक्के दर धरला, तर तीस दिवसांचे व्याज सुमारे ७७८ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी सुमारे १४० रुपये, म्हणजे ९१८ रुपये होतात. ज्या लेट फीसाठी आपण हळहळत आहात, तिच्या दीडपट रक्कम कोणत्याही दंडाशिवाय एका महिन्यात गेली. साडेतीन टक्के हा दर वर्षाला ४२ टक्के होतो. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डाच्या व्याजावर वार्षिक ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला, तेव्हा त्या मर्यादेच्या भरवशावर राहू नये.

याच उरलेल्या रकमेचा स्कोअरवरही परिणाम झाला असणार. आपल्या कार्डाची मर्यादा किती ते आपण लिहिलेले नाही, पण ती समजा ३०,००० रुपये असेल, तर २२,२३० रुपये बाकी म्हणजे मर्यादेचा जवळजवळ तीनचतुर्थांश वापर झाला. हा वापर सर्वसाधारणपणे ३० टक्क्यांच्या आत असलेला बरा समजला जातो. गृहकर्जाच्या पहिल्या भरण्यासाठी काही रक्कम बाजूला ठेवलेली असेल, तर तिच्यातून कार्डाची संपूर्ण बाकी लगेच भरावी, असे मी आग्रहाने सांगते. ४२ टक्क्यांचे कर्ज अंगावर ठेवून बचत खात्यात पैसे राखण्यात काहीच हशील नाही. कार्ड बंद करू नका. ते बंद केले की हाताशी असलेली पतमर्यादा कमी होते आणि कालांतराने तेवढा जुना इतिहासही मागे पडतो. त्याऐवजी पूर्ण बिलाची ऑटो पे सूचना द्या, किमान रकमेची नको. देय तारीख पगाराआधी येत असेल, तर बिलाचे चक्र बदलून मागा. निदान एकदा तरी ते बदलून घेण्याची सोय देणे कार्ड देणाऱ्या बँकेवर बंधनकारक आहे.

दुचाकीच्या हप्त्याचीही मूळ अडचण तीच आहे. पगार ७ तारखेला आणि हप्ता ५ तारखेला असेल, तर मॅन्डेट (खात्यातून हप्ता आपोआप कापण्याची बँकेला दिलेली परवानगी) नव्या खात्यावर असूनही दर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ३,९०० रुपये जपून ठेवावे लागणार. हप्त्याची तारीख १० करून मिळते का ते कंपनीला विचारा. ते जमत नसेल, तर एक हप्ता त्या खात्यात कायमचा राखून ठेवा. कर्जावर नोंदवलेला आपला मोबाइल क्रमांक आणि ईमेल चालू आहेत ना, हेही पाहा. थकलेल्या हप्त्याची नोंद पाठवताना ग्राहकाला संदेश पाठवायचा असतो, आणि असे संदेश बऱ्याचदा जुन्या कार्यालयाच्या ईमेलवर जाऊन पडतात.

भावाबद्दल आपण फार जपून लिहिले आहे, म्हणून मीही जपूनच लिहिते. गाडी तो चालवतो आणि हप्ताही तो देतो, ही आपल्या घरातली बोली झाली. अहवालाला फक्त कर्जदाराचे नाव कळते आणि ते आपले आहे. हप्ता भावाने परस्पर कंपनीला भरण्याची पद्धत बंद करा. त्याने ते पैसे महिन्याच्या पहिल्या तारखेपर्यंत आपल्याकडे द्यावेत आणि हप्ता आपल्या खात्यातूनच जावा. ९ ऑक्टोबरला हप्ता भरताना बाउन्स चार्ज भरायचा राहिला, कारण मागचा आकार भरल्याचे आणि पुढचा बाकी असल्याचे दोघांपैकी कोणा एकाच्या डोळ्यांसमोर नव्हते. हे त्याला सांगताना ऐकवायचे काही नाही. उतारा समोर ठेवून तारखा दाखवल्या, तर त्यालाही ते पटेल.

आता एजंट. अहवालातील नोंद पतमाहिती कंपनी स्वतःहून बदलत नाही. ज्या वित्तसंस्थेने ती पाठवली, तिने दुरुस्त केल्याशिवाय ती हलत नाही. सप्टेंबरचे ०२५ खरे आहे आणि ते कोणीही काढून देऊ शकत नाही. एजंट फार तर आपल्या नावाने आक्षेपाचे अर्ज भरेल, त्यासाठी आपले पॅन आणि ओटीपी मागेल, आणि महिन्याभराने ‘बँक ऐकत नाही’ असे सांगेल. चुकीच्या नोंदीवर आक्षेप घेणे विनामूल्य आहे आणि ते आपल्याला घरबसल्या करता येते. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. चारही काढा, कारण एका ठिकाणची चूक दुसरीकडे असेलच असे नाही. उताऱ्यावरून ०२६ चुकीचे ठरले, तर संबंधित पतमाहिती कंपनीच्या संकेतस्थळावर आक्षेप नोंदवा आणि उतारा जोडून वित्त कंपनीलाही ईमेल करा. तक्रार ३० दिवसांत निकाली निघायला हवी, त्यांपैकी २१ दिवस वित्तसंस्थेला मिळतात. मुदत उलटली, तर त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. पतमाहिती कंपन्याही आता त्याच्या कक्षेत आहेत.

खरी नोंद आयुष्यभराचा डाग ठरेल का, ही भीती आपल्या पत्रात ओळीओळीत जाणवते. सिबिलच्या अहवालात मागील ३६ महिन्यांच्या चौकटी दिसतात, आणि जसजसे नवे ००० जमा होत जातात, तसतसे जुन्या उशिराचे वजन कमी होत जाते. कर्ज अनुत्पादित (एनपीए, म्हणजे वसुली धोक्यात आलेले) ठरते ते ९० दिवस उलटल्यावर. आपला उशीर ३० दिवसांच्या आतला आहे आणि त्यामागे नोकरी बदलल्याचे दाखवता येण्याजोगे कारण आहे. मात्र ‘थोडे पैसे भरा, बाकीचे सोडून देतो’ असा तडजोडीचा प्रस्ताव कंपनीकडून आला, तर तो अजिबात घेऊ नका. तसे केले की कर्जापुढे ‘बंद’ऐवजी ‘सेटल्ड’ असा शेरा येतो, आणि गृहकर्ज देणारी बँक पंचवीस दिवसांच्या उशिरापेक्षा त्या शेऱ्याला जास्त घाबरते.

बँकेला द्यायचा खुलासा एका पानाचा असू द्या. त्यात नोकरी बदलल्याची तारीख, पगाराची जुनी आणि नवी तारीख, मॅन्डेट बदलल्याची तारीख आणि बाकी भरल्याची तारीख लिहा. सोबत जुन्या आणि नव्या कंपनीची पगारपत्रके, कर्जाचा खातेउतारा आणि थकबाकी नसल्याचे पत्र जोडा. क्षमायाचना नको, तारखा पुरेत. पण हा खुलासा घेऊन लगेच मंजुरीसाठी धावू नका, आणि एका बँकेने नाही म्हटले म्हणून आणखी चार बँकांत अर्ज तर मुळीच करू नका, कारण प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात उमटते. दुचाकी आणि कार्ड या दोन्हींवरची बाकी शून्य झाल्यावर दोन-तीन महिने जाऊ द्या आणि मग त्याच बँकेकडे जा. गृहकर्जाचा दर बऱ्याच बँकांत स्कोअरनुसार ठरतो. समजा ३५ लाखांचे कर्ज वीस वर्षांसाठी ८.५ टक्क्यांऐवजी ९ टक्क्यांनी मिळाले, तर हप्ता दरमहा सुमारे १,११७ रुपयांनी वाढतो आणि पूर्ण मुदतीत जवळपास २ लाख ६८ हजार रुपये जास्त जातात. तीन महिन्यांचे घरभाडे त्यापुढे फार नाही.

या मधल्या काळात धायरीच्या बांधकाम व्यावसायिकाला टोकन देण्याची घाई करू नका. ‘फ्लॅट हातचा जाईल’ असे ऐकवले जाईलच. रेरा कायद्यानुसार (घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीच्या स्थावर संपदा कायद्यानुसार) विक्री करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हे खरे; पण ६० लाखांच्या घराचे ते १० टक्केही सहा लाख होतात, आणि कर्ज नामंजूर झाले, तर ती रक्कम परत मिळवताना मोठी दमछाक होते. बँकेचे मंजुरीपत्र हातात आल्यावरच टोकनचा चेक द्या. तसेच कर्ज मंजूर न झाल्यास रक्कम किती दिवसांत आणि किती कपात करून परत मिळेल, हे बुकिंगच्या अर्जावर लिहून घ्या.